कागद संपल्याची पिन

पॅरलल पोर्ट म्हणजे संगणकाला प्रिंटर जोडायची जुनी खाच. तिच्या पंचवीस पिनांपैकी बारावी पिन एकच निरोप द्यायला नेमलेली आहे: प्रिंटरमधला कागद संपला. अकरावी सांगते, प्रिंटर कामात आहे, थांबा. दहावी सांगते, अक्षर पोचलं. आमच्या गाळ्यातल्या लाकूड कोरणाऱ्या यंत्रात बाराव्या पिनेवर एक्स अक्षाचा होम स्विच, म्हणजे यंत्राला सुरुवातीची जागा सांगणारा स्विच, जोडलाय आणि अकरावीवर लाल इमर्जन्सी बटण. कागद, शाई, अक्षरं यांचा या गाळ्याशी काही संबंध नाही. इथे सागवानाचा भुसा असतो, फेविकॉलचा वास असतो आणि भिंतीला टांगलेले जुने पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यांवरून घेतात ते लाकडी नमुने, असतात. पण या तारांची मूळ नावं मला आवडतात. १९७० मध्ये सेंट्रॉनिक्स कंपनीने आपल्या प्रिंटरसाठी हे जोडकाम ठरवलं, १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर ते घरोघरच्या टेबलांवर आलं, १९९४ मध्ये त्याला आयईईई १२८४ हे रीतसर मानक मिळालं. आणि मग प्रिंटर यूएसबीकडे निघून गेले, तेव्हा रिकाम्या झालेल्या त्या वाड्यात आमच्यासारखे लोक राहायला आले.

आमचा गाळा कोल्हापूरला, शिवाजी उद्यमनगरात. अण्णा पॅटर्नमेकर. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ओतीव लोखंड थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा असतो, आणि त्यासाठी पॅटर्नमेकरकडे वेगळी पट्टी असते. तिच्यावरचे आकडे नेहमीसारखेच, पण प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित लांब. लहानपणी मला त्या पट्टीने शाळेच्या वहीत समास आखायची बंदी होती. अण्णांची ती पट्टी आजही गाळ्यात खिळ्याला लटकते, आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नाही.

त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा मी राउटर, म्हणजे संगणकाने चालणारं लाकूड कोरायचं यंत्र, बांधायला घेतला. तीन अक्ष, ५ मिलिमीटर पिचचे (एका फेऱ्यात तेवढं सरकवणारे) बॉलस्क्रू, पावलापावलाने फिरणाऱ्या स्टेपर मोटरी, आणि चालवायला लिनक्ससीएनसी. हे सॉफ्टवेअर अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेत नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या ईएमसी प्रकल्पातून आलं. सरकारी काम असल्याने ते सगळ्यांसाठी खुलं झालं आणि पुढे जगभरच्या लोकांनी ते वाढवलं. फुकट मिळतं हे खरंच, पण मला त्याची ओढ लागली ती वेगळ्या कारणाने. त्यात कुठलंही झाकण उघडता येतं. मोटरीला जाणारा प्रत्येक पल्स, म्हणजे एका पावलाचा विजेचा इशारा, कुठून निघाला, कुठल्या नळीतून गेला, कुठल्या पिनेवर उतरला, हे हॅल नावाच्या त्याच्या भागात वायरिंगसारखं लिहिलेलं असतं आणि यंत्र चालू असताना बघता येतं.

अडचण एवढीच होती की ज्या पीसीवर हे चालवायचं, त्याला पॅरलल पोर्टच नव्हता. यूएसबीला लावायची जी प्रिंटरची केबल मिळते, ती या कामाला चालत नाही, कारण ती फक्त प्रिंटरशी बोलायला शिकलेली असते. आपल्याला हवं असतं ते पोर्टाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे पिना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कप्प्यात, थेट लिहिणं, तेही सेकंदाला हजारो वेळा आणि ठरल्या क्षणी. म्हणून पीसीआय स्लॉटमध्ये बसणारं वेगळं कार्ड आणलं. त्यावर नेटमॉसची ९८०५ क्रमांकाची चिप होती. कार्ड बसवलं, उबुंटू १०.०४ वर आधारलेल्या लिनक्ससीएनसीच्या सीडीवरून सगळं चढवलं, केबल जोडली, आणि पडद्यावर एक्सचा बाण दाबला.

पडद्यावरचे आकडे पळाले. मोटर जागची हलली नाही.

चूक दाखवणारा एकही संदेश नव्हता. तीन रात्री मी केबल बदलल्या, मोटरींना वीज देणारे ड्राइव्ह अदलाबदल केले, कार्ड काढून सोन्याच्या रंगाचे ते दात खोडरबराने पुसले आणि परत बसवलं. यातलं काहीच करायची गरज नव्हती. चौथ्या रात्री शांतपणे बसून इनपुट बघितले. पोर्टाला पाच इनपुट पिना असतात: १०, ११, १२, १३ आणि १५. त्यातल्या चार 'खऱ्या' दिसत होत्या आणि अकरावी 'खोटी'. होम स्विच दाबला, तेच. इमर्जन्सी बटण दाबलं, तेच. शेवटी कार्डामागची केबल काढूनच टाकली, तरी तेच. केबल काढल्यावरही ज्या यंत्राचं उत्तर बदलत नाही, ते यंत्र केबलकडे बघतच नाहीये, एवढं मला तेव्हा कळलं.

तो चार-खऱ्या-एक-खोटी नमुना नंतर माझ्या पक्का लक्षात राहिला. पीसी आपल्या जोडसाधनांशी ज्या क्रमांकांवर बोलतो ते आय/ओ पत्ते. ज्या पत्त्यावर कुणीच राहत नाही, तिथून वाचलं की सगळे बिट एक येतात. अकरावी पिन हार्डवेअरमध्येच उलटी असते, ड्रायव्हर ती सुलटी करून दाखवतो, म्हणून ती एकटी वेगळी पडते. थोडक्यात, मी रिकाम्या घराशी बोलत होतो. माझ्या फाइलमध्ये पोर्टाचा पत्ता हेक्स, म्हणजे सोळा-आधारी पद्धतीत, ३७८ लिहिला होता. मदरबोर्डवरच्या पोर्टाचा तो परंपरेने चालत आलेला पत्ता, आणि जिथे बघावं तिथे उदाहरणात तोच असतो. पण पीसीआय कार्डाला पत्ता बायोस, म्हणजे मदरबोर्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर, देतो, संगणक सुरू होताना, उपलब्ध जागा बघून. तो एलएसपीसीआय ही आज्ञा तपशिलाचा पर्याय लावून दिली की दिसतो. माझ्या कार्डापुढे आय/ओ पोर्टांच्या अनेक ओळी होत्या. त्यातला पहिला पत्ता डेटा, स्टेटस आणि कंट्रोल रजिस्टरचा. तोच आपल्या कामाचा. माझा निघाला डी०५०.

पत्ता बदलला. आता लिनक्ससीएनसी उघडेचना. साधन दुसऱ्याच्या ताब्यात आहे, असं म्हणून ड्रायव्हर बाहेर पडत होता. याचा उलगडा लगेच झाला, कारण तो दुसरा मीच बसवला होता. कार्ड जिवंत आहे का हे बघायला आदल्या रात्री मी लिनक्सचा नेहमीचा प्रिंटर पोर्टाचा ड्रायव्हर, पारपोर्ट-पीसी, हाताने चढवला होता आणि सुरुवातीलाच चढावा म्हणून नोंदही करून ठेवली होती. एरवी लिनक्ससीएनसीची स्थापना त्याला मुद्दाम लांब ठेवते. नोंद काढली, पीसी पुन्हा सुरू केला, आणि होम स्विच दाबल्यावर बारावी पिन पहिल्यांदा बदलली.

त्या क्षणी मी मोटरी जोडल्या नाहीत, याचं श्रेय अण्णांना. ते मागे स्टुलावर बसून होते. म्हणाले, "आधी दिवा लाव." त्यांच्या काळात गाळ्यात वायरिंग बिघडलं की ते होल्डरमधला चाळीसचा बल्ब घेऊन एका टोकापासून चालत जायचे. मी एक एलईडी घेतला, त्याला एक किलोओहमचा रेझिस्टर लावला, एक टोक १८ ते २५ या जमिनीच्या पिनांपैकी एकीवर टेकवलं आणि दुसऱ्याने दोनपासून सुरुवात केली. हॅलच्या आज्ञेने पिन चढवायची, दिवा बघायचा, उतरवायची, दिवा विझतो का बघायचं. २ ते ९ या आठ डेटाच्या, मग १, १४, १६ आणि १७ या चार कंट्रोलच्या. बाराही बोलल्या. अण्णा प्रत्येक पिनेला वहीत टिकमार्क करत होते. हा अर्धा तास त्या सगळ्या आठवड्यातला सगळ्यात कामाचा अर्धा तास होता. कारण त्यानंतर कधीही संशय आला, तर आम्हाला ठाऊक होतं की कार्डाच्या तोंडापर्यंतचा रस्ता साफ आहे.

मोटरी फिरल्या. पहिला पॅटर्न घेतला तो पंपाच्या इंपेलरच्या अर्ध्या भागाचा. राउटर एक्समध्ये जायचा, यायचा, वायमध्ये थोडा सरकायचा, पुन्हा जायचा. अशा दीडशे फेऱ्या. तासाभराने मी तो उचलून अण्णांच्या हातात दिला. मला तो सुंदर दिसत होता. अण्णांनी चष्मा न लावता बोट फिरवलं, मग पट्टी घेतली, मग पॅटर्न उलटा धरून कडेने एक डोळा मिटून बघितलं.

"एका अंगाला गेलंय," म्हणाले. "एकाच अंगाला सरकतंय का दोन्हीकडं?"

मी म्हणालो, "अण्णा, एकच पॅटर्न झालाय. एवढ्यावरून कसं सांगणार?"

"मग यंत्राला विचार की. लाकूड कशाला खर्चतोस?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी मनात बेअरिंग, कपलिंग, बोर्डाचा गोंगाट असं सगळं एकत्र कालवून बसलो होतो. अण्णांच्या प्रश्नाने त्याचे दोन वाटे झाले. दोन्हीकडे विखुरणारी चूक म्हणजे कुठेतरी ढिलेपणा किंवा गोंगाट. एकाच बाजूला साठत जाणारी चूक म्हणजे प्रत्येक खेपेला एकच गोष्ट, एकाच पद्धतीने चुकते आहे.

कटर काढला. एक्सच्या टोकाला डायल गेज, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग एका रेघेने दाखवणारं मापक, लावलं, शून्य केलं. आधी १०० मिलिमीटर एकदाच जाऊन परत आलो: काटा शून्यावर. मग तेवढंच अंतर दहा वेळा: सहा रेघा. मग दीडशे वेळा: ९४ रेघा, म्हणजे ०.९४ मिलिमीटर. वायला तोच खेळ खेळवला तर तोही चुकला. पॅटर्न करताना मात्र वाय बरोबर आला होता, कारण त्या कामात तो एकाच दिशेने पुढे सरकतो, मागे वळतच नाही.

"वळताना खातंय," अण्णा म्हणाले.

कागद घेऊन हिशेब केला. मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, ड्राइव्ह प्रत्येक पावलाचे आठ तुकडे (मायक्रोस्टेप) करतो, म्हणजे १६०० पल्सांना स्क्रूचा एक फेरा, ५ मिलिमीटर. एका पल्सला ०.००३१२५ मिलिमीटर. दीडशे खेपांत ०.९४ म्हणजे ३०० पल्स. एका खेपेला बरोबर दोन. तो दोनचा आकडा बघून मला हर्षच झाला, कारण दोन म्हणजे एक पाऊल उलट्या दिशेला पडणं: जिथे एक पुढे जायला हवं तिथे एक मागे, फरक दोनाचा. आणि खेपेत दोन वळणं असताना चूक एकदाच होते, म्हणजे फक्त एका बाजूच्या वळणावर दिशेचा सिग्नल उशिरा पोचतोय. पाऊल आधी पडतं, दिशा नंतर बदलते.

हे खरं असेल तर दिशा बदलल्यावर पहिल्या पावलाआधी जास्त थांबायला सांगितलं की चूक जायला हवी. लिनक्ससीएनसीत तो वेळ लिहिता येतो. मी २० मायक्रोसेकंदांचे २०० केले. पुन्हा दीडशे खेपा. काटा शून्याला चिकटून राहिला.

खरं तर इथे थांबता आलं असतं. यंत्र बरोबर चालत होतं. पण २० मायक्रोसेकंदात दिशा का बदलू नये, ड्राइव्हच्या कागदावर तर त्याहून कमी वेळ लिहिला होता. अण्णांच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला पाचर ठोकून दार बसवणं जमत नाही. मी मल्टिमीटर घेतला.

कार्डाची पिन चढवल्यावर ३.२४ व्होल्ट. ओळखीच्या एका ऑफिसातल्या जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरच्या पोर्टावर तीच पिन ४.६ व्होल्ट दाखवत होती. माझं कार्ड ३.३ व्होल्टवर चालणारं होतं, आणि मी सगळी जोडणी ५ व्होल्ट गृहीत धरून केली होती. माझ्याकडचा ब्रेकआउट बोर्ड म्हणजे नुसते स्क्रू टर्मिनल, मध्ये कसलंही इलेक्ट्रॉनिक्स नाही. ड्राइव्हच्या आत प्रत्येक सिग्नलसाठी ऑप्टोकपलर असतो, म्हणजे एक छोटा दिवा आणि त्याच्याकडे बघणारा डोळा. या दिव्यांची धन बाजू मी एकत्र करून ५ व्होल्टला बांधली होती आणि ऋण बाजू पोर्टाच्या पिनेला. पिन शून्यावर आली की दिवा पेटतो. यात काही अडचण नाही. पिन चढली की दिवा विझायला हवा, त्यासाठी दोन्ही टोकांचा दाब सारखा व्हायला हवा. पण एका टोकाला ५ आणि दुसऱ्या टोकाला ३.२४. मधे पावणेदोन व्होल्ट उरतात, आणि त्या दिव्याला पेटायला साधारण सव्वा व्होल्ट पुरतो. म्हणजे दिवा विझतच नव्हता, मंद होत होता. डोळ्याला अंधार झालाय हे ठरवायला वेळ लागत होता. पेटताना झटकन, विझताना रेंगाळत. म्हणून एकाच बाजूचं वळण चुकत होतं. पल्सांच्या तारेतही हेच होत असणार, पण आमचा वेग कमी असल्याने ते निभावून जात होतं.

हे कळल्यावर मी गाळ्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. समोर गल्लीत टेम्पोत कास्टिंग चढत होती. तीन अंगांनी पाहिलेल्या गोष्टी, डायलच्या रेघा, कागदावरचा दोनचा आकडा आणि मीटरचे ३.२४, सगळ्या एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या होत्या. असा आनंद मला फार कमी वेळा झालाय.

उपाय छोटा होता. ७४एचसीटी२४५ नावाची वीस पायांची आयसी. ती ५ व्होल्टवर चालते, पण समोरून दोन व्होल्टच्या वर काहीही आलं की त्याला 'एक' मानते आणि आपल्या बाजूने पूर्ण ५ व्होल्टचा 'एक' पुढे देते. इथे एचसीटीमधला 'टी' महत्त्वाचा. नुसती एचसी आणली तर तिला ५ व्होल्टवर साडेतीनच्या आसपास दाब लागतो आणि आपलं कार्ड तिथपर्यंत पोचत नाही. ठिपक्यांच्या बोर्डवर ती बसवली, पायांजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला, वीज पीसीच्या एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) लाल वायरीतून घेतली. दिशेचा वेळ पुन्हा २० मायक्रोसेकंदांवर आणला. दीडशे खेपा, शून्य. अण्णांनी पाचशे करायला लावल्या. शून्य.

यानंतर एकच प्रसंग आला. यंत्र वेगात चालवलं की मोटर मधेच अडखळल्यासारखी करायची. लेटन्सीची, म्हणजे पीसी ठरल्या क्षणाला किती उशीर करतो याची, चाचणी लावली, तर पडद्यावर खिडकी हलवली की ७० मायक्रोसेकंदांचा झटका दिसायचा. पल्स पीसी स्वतःच मोजून पाठवतो, त्यामुळे त्याचं लक्ष तेवढा वेळ दुसरीकडे गेलं तर पाऊल लांबतं. १५ ते २० च्या आत असलं तर अशा कामाला पीसी चांगला मानतात. बायोसमध्ये हायपरथ्रेडिंग (प्रोसेसरच्या एका गाभ्याकडून एकाच वेळी दोन कामं करून घेणं) बंद केलं, आणि मदरबोर्डच्या ग्राफिक्सऐवजी एक साधं जुनं ग्राफिक्स कार्ड घातलं. झटका १४ वर आला. खुशीत बाण दाबला. आकडे पळाले, मोटर जागची हलली नाही.

या वेळी मी ड्राइव्हकडे वळलोही नाही. इनपुट बघितले: चार खऱ्या, अकरावी खोटी. रिकामं घर. नवीन ग्राफिक्स कार्डाने बायोसकडे जागा मागितली होती आणि बायोसने सगळ्यांचं वाटप पुन्हा केलं होतं. एलएसपीसीआयने नवा पत्ता दिला: सी०५०. फाइलमध्ये एक अक्षर बदललं.

कॅबिनेटच्या दाराच्या आत एक कागद चिकटवलाय. त्यावर पंचवीस पिना, कुठल्या पिनेला कुठल्या रंगाची वायर, कुठल्या उलट्या: १, ११, १४, १७. वरती पत्ता. डी०५० वर काट मारून शेजारी सी०५०. त्याखाली अण्णांच्या अक्षरात, कडक पेन्सिलने, प्रत्येक पिनेसमोर त्या रात्रीचे टिकमार्क. बाराव्या पिनेपुढे मी 'एक्स होम' लिहिलंय, आणि अण्णांनी विचारलं होतं तेव्हा मी सांगितलेला तिचा मूळ अर्थ त्यांनी कंसात लिहून ठेवलाय: कागद संपला. तो कागद आता तेलाने पिवळा पडलाय. दुसरा छापून लावू या का म्हणून मी परवा विचारलं, तर म्हणाले, "असू दे. त्याच्यावर सगळं तपासलेलं आहे."